वाऱ्याच्या दिवसांत सहकुटुंब मासेमारी

पनवेल तालुक्यांतील नावडें हें गांव खाडीच्या सोबतीनें नांदलेलें आहे. कासाडी नदी गांवाजवळून वाहत जाऊन खाडीस मिळते. भरतीचें पाणी आंत चढावें, ओहोटीबरोबर तें उतरावें, आणि मागें राहिलेल्या चिखलांतून निवट्या, चिंबोऱ्या व कोळंबी वेंचून आणावी, हा खाडीकांठच्या घरांचा जुना परिपाठ. आज गांवाच्या एका अंगास तळोज्याची औद्योगिक वसाहत आहे, दुसऱ्या अंगास कळंबोलीचा पोलादाचा बाजार आहे, आणि २०१६ सालापासून गांव पनवेल महानगरपालिकेंत मोडतें. कारखान्यांच्या सांडपाण्यानें कासाडीचें पाणी दूषित झालें. २०१७ च्या ऑगस्ट महिन्यांत तळोज्यास अंगावर निळा रंग चढलेलीं कुत्रीं हिंडतांना दिसलीं, आणि ही गोष्ट देशभर गाजली. दाराशीं खाडी असूनही तिच्यांतील मासळी मुलांच्या पानांत वाढावी असें म्हणण्यास आतां जीभ रेटत नाहीं. म्हणून ज्या कुटुंबास सुटीच्या दिवशीं गळ टाकण्याची हौस भागवावयाची आहे, त्यास उरण, करंजा, रेवस किंवा अलिबाग यांची वाट धरावी लागते.

येथेंच वाऱ्याचा प्रश्न उभा राहतो. दाराशींच्या खाडीवर वारा वाढला तर माणूस घटकेच्या आंत घरीं परततो. परंतु पहांटे मुलांना उठवून, डबे बांधून, दूरचा प्रवास करून गेलेला गृहस्थ सहजासहजीं मागें फिरत नाहीं. 'एवढे आलोंच आहोंत, तर थोडा वेळ बसूं,' असें तो म्हणतो. हा मोह वाऱ्यापेक्षांही अधिक घातक होय. यास्तव वाऱ्याच्या दिवसांतील सहलीचा पहिला नियम असा कीं, कोठें बसावयाचें, किती वाजतां उठावयाचें आणि कोणती खूण दिसतांच परतावयाचें, हें घरींच ठरवावें. किनाऱ्यावर तें नव्यानें ठरवूं नये.

या नियमाची किंमत ह्याच पाण्यानें एकदां शिकविली आहे. १७ जुलै १९४७ रोजीं सकाळीं मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' ही आगबोट काशाच्या खडकाजवळ उलटली. आषाढी अमावास्येचा सुमार होता, आणि सणासाठीं गांवीं निघालेलीं माणसें बोटींत दाटीनें बसलीं होतीं. पाऊस व वारा वाढला, लाटांचें पाणी आंत आलें, भिजलेले उतारू एका बाजूस सरले, आणि बोट कलंडली. सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. मार्ग रोजचा होता, अंतर थोडें होतें, किनारा डोळ्यांसमोर होता. ओळखीच्या पाण्यास माणूस भीत नाहीं, आणि त्यामुळेंच तेथें फसतो. ज्यांचें पोट समुद्रावर आहे ते कोळीबांधव मात्र थांबणें जाणतात. महाराष्ट्रांत यांत्रिक नौकांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै या काळांत कायद्यानें बंद असते, आणि त्या कायद्याच्या कितीतरी आधींपासून नारळी पौर्णिमेस नारळ अर्पण केल्यावांचून होडी पाण्यांत न लोटण्याची रीत चालत आली आहे. उपजीविकेसाठीं जाणारा जर दोन महिने थांबतो, तर हौसेसाठीं जाणाऱ्यानें एक रविवार थांबण्यांत कमीपणा तो कसला?

आतां वाऱ्याचा स्वभाव पाहूं. पावसाळा सोडला तर कोंकणच्या किनाऱ्यावर वारा बहुधा दिवसांतून दोनदां दिशा बदलतो. रात्रीं जमीन लवकर निवते, समुद्र ऊबदार राहतो, आणि पहांटेस जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. सूर्य वर आला कीं जमीन तापते, आणि दहा-अकराच्या सुमारास समुद्रावरून खारा वारा सुरू होऊन तिसऱ्या प्रहरापर्यंत वाढत जातो. चैत्र-वैशाखांत दुपारचा हा वारा चांगलाच झोंबतो.

या दोहोंपैकीं भय कोणाचें अधिक? बहुतेक लोक खाऱ्या वाऱ्याचें नांव घेतील, कारण त्याच्या लाटा डोळ्यांना दिसतात. परंतु खारा वारा निदान वस्तु किनाऱ्याकडे लोटतो. मतलई वारा किनाऱ्याजवळचें पाणी तळ्यासारखें सपाट करतो, मुलें त्यास भुलतात, आणि हवेनें फुगविलेली चकती, चेंडू किंवा लहान होडी बघतां बघतां बाहेर नेऊन सोडतो. जसजसें बाहेर जावें तसतसा आडोसा सुटतो व वारा वाढतो. परत येणें वाऱ्याच्या तोंडावर असतें. म्हणून पाठीमागून वारा येत असेल आणि समोर पाणी निश्चल दिसत असेल, त्या वेळीं मुलांना घोट्याच्या वर पाण्यांत जाऊं देऊं नये, आणि वाहून गेलेल्या वस्तूमागें कोणीं पोहत जाऊं नये.

वाऱ्याचा जोर अजमावण्यास यंत्र लागत नाहीं. ब्रिटिश आरमारांतील अधिकारी फ्रान्सिस ब्यूफोर्ट यानें १८०५ सालीं वाऱ्याचे क्रमांक ठरविले. पुढें त्यांस दृश्य खुणा जोडण्यांत आल्या. झाडांचीं पानें व बारीक डहाळ्या सारख्या हलत असतील व लाटांच्या माथ्यावर क्वचित् पांढरा फेस दिसत असेल, तर तो तिसरा क्रमांक, म्हणजे ताशीं १२ ते १९ किलोमीटर. धूळ व कागद उडूं लागले, लहान फांद्या हलूं लागल्या आणि पांढरे माथे जागोजाग दिसले कीं चौथा, ताशीं २० ते २८. लहान झाडें डोलूं लागलीं कीं पांचवा, ताशीं २९ ते ३८. छत्री सांवरणें कठीण झालें कीं सहावा, ताशीं ३९ ते ४९. येथें एक हिशेब ध्यानांत ठेवावा: वाऱ्याचा वेग दुप्पट झाला कीं त्याचा दाब चौपट होतो. पंधराच्या वाऱ्यांत हंसतखेळत उभें असलेलें सहा वर्षांचें मूल तिसाच्या वाऱ्यांत धक्क्याच्या कडेस तोल जाऊन पडूं शकतें. लहान मुलें बरोबर असतां तिसऱ्या क्रमांकापर्यंतच होडींत बसावें. चौथ्यास किनाऱ्यावरूनच गळ टाकावा. पांचव्यास खाडीच्या आडोशावांचून बसूं नये. सहाव्यास घरीं रहावें. हवामान खात्याचा अंदाज ऐकतांना सरासरी वेगाबरोबर झोतांचा आंकडाही ऐकावा. '४५ ते ५५, झोत ६५' असें सांगितलें असतां बेत रद्द झाला असें समजावें.

केवळ वारा पाहून मात्र भागत नाहीं. लाट किती मोठी होईल हें वारा किती वेगानें, किती वेळ आणि किती लांबीच्या पाण्यावरून वाहिला यावर अवलंबून असतें. दूर अरबी समुद्रांत उठलेल्या वादळाच्या लाटा येथें वारा पडलेला असतांही येऊन आदळतात. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र समुद्राच्या स्थितीचा अंदाज प्रसिद्ध करीत असतें. आदल्या दिवशीं तोही पाहून ठेवावा.

दुसरी बाजू भरती-ओहोटीची. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती व ओहोटी यांच्या पातळींत साधारण साडेतीन ते साडेचार मीटरांचें अंतर असतें. भांगाच्या दिवसांत तें दीडेक मीटरावर येतें. सहा तासांत पाणी सारख्या वेगानें चढत नाहीं. बारा वांटे केल्यास पहिल्या तासांत एक, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्या व चौथ्यांत तीन-तीन, पांचव्यांत दोन व सहाव्यांत एक, असें तें चढतें. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मी भरती होऊन जाते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटींत पायीं गेलेले लोक अडकून पडतात ते यामुळेंच.

भरतीची वेळ काढण्याची जुनी युक्ति प्रसिद्ध आहे. तिथीची पाऊणपट केली असतां पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीस चारांची पाऊणपट तीन, म्हणून तीन वाजतां. अष्टमीस सहा वाजतां. पौर्णिमा व अमावास्येस बाराच्या सुमारास. पाऊणएक तासाचा फरक पडूं शकतो, म्हणून छापील कोष्टकाशीं ताळा घ्यावा. या युक्तीचा सहलीस असा उपयोग होतो: दशमी, एकादशी व द्वादशी या तिथींस भरती साडेसात ते नऊच्या दरम्यान पूर्ण होते. भांगाचा प्रभाव अष्टमीनंतर एक-दोन दिवस टिकतो, त्यामुळें या तिथींस पाण्याची ओढही बेताची असते. सकाळीं सातपासून दहापर्यंत बसल्यास चढतें पाणी, पूर्ण भरती व पहिली ओहोटी हीं तिन्ही साधतात, आणि खारा वारा वाढण्यापूर्वीं आवराआवर होते. दहानंतर रेंगाळणें दोन कारणांनीं वाईट. वारा तर वाढतोच. शिवाय धरमतरच्या खाडीसारख्या ठिकाणीं बाहेर पडणारी ओहोटी व समोरून येणारा वारा यांची टक्कर होऊन लाटा उभ्या व आंखूड होतात. तशा लाटांत लहान होडी फार हलते.

स्थळ निवडतांनाही वाऱ्याची दिशा आधीं पहावी. अलिबाग, आक्षी, नागांव हे किनारे पश्चिमेस तोंड करून आहेत. पश्चिमेचा वारा असतां तेथें आडोसा नाहीं. अशा दिवशीं करंज्याकडील किंवा धरमतर खाडीच्या आंतील बाजू बरी. मात्र बंदराची मनाई असलेली जागा टाळावी, आणि तिवरांच्या फांद्या तोडून वाट करूं नये. खडकावर बसावयाचें झाल्यास आधीं पाव तास दूर उभें राहून लाटा मोजाव्या. मोठी लाट जेथवर भिजवते त्याच्या बरीच वर जागा धरावी, आणि समुद्राकडे पाठ करूं नये. खाडीच्या चिखलांत अनोळखी ठिकाणीं पाय घालूं नये.

सामानाची गोष्ट थोडक्यांत सांगतां येईल. वाऱ्यांत हलका गळ भरकटतो, म्हणून दोरीस नेहमींपेक्षां जड शिसें लावावें व शक्य तों वाऱ्याच्या बाजूनें गळ फेंकावा. फेंकणाराच्या मागें व बगलेस कोणीं उभें राहूं नये. वाऱ्यानें वळलेला गळ डोळ्यास लागूं शकतो. कुटुंबांत एका वेळीं एकानेंच गळ फेंकावा, हें सर्वांत उत्तम. होडींत बसावयाचें असल्यास जितकीं माणसें तितकीं लाइफ जॅकेटें असावीं, मुलांचीं त्यांच्या मापाचीं असावीं, आणि तीं पिशवींत न ठेवतां धक्क्यावरच अंगांत घालावीं. वाऱ्यांत छत्री म्हणजे शीडच. तीऐवजीं नाडीची टोपी न्यावी. भिजलेल्या मुलास वाऱ्यांत फार लवकर हुडहुडी भरते, म्हणून कोरडे कपडे व गरम पेय जवळ असावें. वैशाखांत मेघगर्जना ऐकूं येतांच गळाची काठी खालीं ठेवून पक्क्या छपराखालीं जावें, कारण कार्बनची काठी विजेस वाट करून देते. तटरक्षक दलाचा १५५४ व आपत्कालीन ११२ हे क्रमांक लिहून ठेवावे, आणि कोठें गेलों, केव्हां परतूं, हें घरीं किंवा शेजारीं सांगून जावें.

गळास बोईट किंवा तांब लागली तर आनंदच आहे. शिंगाळ्याचे कांटे मात्र जपून काढावे. पाकटाच्या शेपटीचा कांटा लागल्यास सोसेल इतक्या गरम पाण्यांत तो अवयव बुडवून ठेवावा व डॉक्टरांकडे जावें. केंड मासा विषारी आहे. तो घरीं आणूं नये. लहान मासे जिवंत परत सोडावे; मुलांना ती संवय बालपणींच लागावी.

शेवटीं, बेत दोन असावेत. वारा साजेसा असल्यास गळ. नसल्यास त्याच रस्त्यावरचा दुसरा कार्यक्रम. उरणची किंवा अलिबागची मासळीबाजारांतील सकाळ मुलांस कांहीं कमी शिकवीत नाहीं. दुसरा बेत हातीं असला म्हणजे पहिला सोडतांना मन अडत नाहीं, आणि मुलेंही हिरमुसत नाहींत. पुष्कळ मासे घेऊन आलेल्या दिवसापेक्षां, वारा पाहून वडील माणूस शांतपणें उठले आणि सर्वांना घेऊन परतले, तो दिवस मुलांच्या अधिक उपयोगी पडतो. पुढें तीं स्वतःच्या मुलांस घेऊन त्याच पाण्यावर जातील, त्या वेळीं कोठें थांबावयाचें हें त्यांना कोणीं सांगावें लागणार नाहीं.