घाटमार्गावरील हौशी सायकलिंग

घाटमार्गावरील हौशी सायकलिंग : पारितोषिकाच्या अथवा उपजीविकेच्या अपेक्षेवाचून, केवळ व्यायाम, सहल वा आत्मकसोटी या हेतूने डांबरी किंवा काँक्रीटच्या रस्त्यावरून दीर्घ पल्ल्याची सायकलफेरी करणे व त्या ओघात डोंगराची चढण पायबळाने पार करणे, असा या क्रीडाप्रकाराचा अर्थ आहे. सपाट रस्त्यावरील सायकलिंग व घाटातील सायकलिंग यांत केवळ श्रमाच्या प्रमाणाचा फरक नसून प्रकाराचाच फरक आहे. सपाटीवर सायकलस्वाराचा मुख्य विरोधक हवा असते, तर चढणीवर त्याचे स्वतःचे व सायकलीचे वजन. हा फरक ध्यानात न घेता घाटास भिडणाऱ्या नवशिक्याची दमछाक होते आणि तो दोष स्वतःच्या प्रकृतीस देतो. वस्तुतः दोष बहुधा गिअरचा, गतीच्या अंदाजाचा किंवा निघण्याच्या वेळेचा असतो.

आजच्या स्वरूपाची सायकल १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन केंप स्टार्ली याने बनविलेल्या ‘रोव्हर’ या सायकलीपासून रूढ झाली. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप याने हवा भरलेला टायर प्रचारात आणल्यावर रस्त्यावरील लांबच्या शर्यती सुकर झाल्या. पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस ही शर्यत १८९१ मध्ये व ‘तूर द फ्रान्स’ १९०३ मध्ये सुरू झाली. ‘तूर’च्या मार्गात पिरेनीजमधील तूरमाले ही खिंड १९१० मध्ये आणि आल्प्समधील गालिब्ये ही २,६०० मी. हून उंच खिंड १९११ मध्ये समाविष्ट करण्यात आली. उत्कृष्ट घाटचढ्याची स्वतंत्र गणना १९३३ पासून होऊ लागली, तर त्याचा लाल ठिपक्यांचा पांढरा सदरा १९७५ पासूनचा आहे. विशेष म्हणजे चालत्या सायकलीवर साखळी एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर नेणाऱ्या गिअरला त्या शर्यतीत १९३७ पर्यंत मुभा नव्हती. महाराष्ट्रात मुंबई–पुणे सायकल शर्यतीने ही परंपरा रुजविली. तीत बोरघाट सर्वप्रथम चढून जाणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ हा किताब देतात, आणि अंतिम विजेत्याहून या किताबाच्या मानकऱ्याचे नाव अनेकदा लोकांच्या अधिक लक्षात राहते.

खानदेशातील भूमी : तापी व गिरणा यांच्या खोऱ्यांतील सपाट काळी जमीन, दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगररांगा व उत्तरेस सातपुडा, अशी खानदेशाची रचना असल्यामुळे येथील सायकलस्वारास सपाटी व घाट हे दोन्ही एकाच दिवसाच्या पल्ल्यात मिळतात. याचे नमुनेदार उदाहरण म्हणजे जळगाव जिल्ह्याच्या जामनेर तालुक्यातील पहूर हे गाव. जळगावहून दक्षिणेस छत्रपती संभाजीनगरकडे (पूर्वीचे औरंगाबाद) जाणारा हमरस्ता व पाचोरा–जामनेर रस्ता येथे एकमेकांस छेदतात. पाचोरा–जामनेर ही अरुंदमापी रेल्वेही पहूरवरूनच जात असे. २०२० मध्ये तिची वाहतूक थांबली. या रेल्वेने डोंगर टाळून सपाटीचाच मार्ग धरला होता. घाटास सामोरा जातो तो रस्ता.

जळगाव समुद्रसपाटीपासून सु. २१० मी. उंचीवर आहे. तेथून नेरीमार्गे पहूरपर्यंतचे सु. ३५ ते ४० कि.मी. अंतर सपाट भासते. परंतु रस्ता दक्षिणेकडे हळूहळू चढतच असतो व ही अदृश्य चढण नवख्याच्या पायांतील बळ नकळत खर्च करते. पहूरच्या पुढे वाकोदवरून फर्दापूरपर्यंत आणखी १५ ते २० कि.मी. गेल्यावर अजिंठ्याच्या घाटाचा पायथा लागतो. ज्या वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर अजिंठ्याची लेणी कोरलेली आहेत, तीच नदी पुढे पहूरजवळून वाहत जाऊन तापीस मिळते. फर्दापूर व अजिंठा गाव यांमधील घाट लांबीने फार मोठा नाही. मात्र माथ्यावरील पठार जळगावपेक्षा ३०० मी. हून अधिक उंच असल्याने, आधीचे अंतर जमेस धरता, पहाटे जळगावहून निघून दुपारपूर्वी पहूरला परतणे ही हौशी सायकलस्वाराची चांगली परीक्षा ठरते. चाळीसगाव व कन्नड यांमधील औट्रम घाट (कन्नड घाट) यापेक्षा सलग व वळणावळणाचा आहे. खानदेश भिल्ल पलटणीचे नेतृत्व केलेल्या जेम्स औट्रम याच्या नावाने तो ओळखला जातो. धुळ्याजवळचा लळिंग घाट त्यामानाने किरकोळ. सर्वांत कठीण चढण सातपुड्यातील तोरणमाळची. शहाद्याकडून सातपायरी घाटाने सु. १,१५० मी. उंचीवरील तोरणमाळला जाताना जवळजवळ एक हजार मीटरची चढाई होते. पूर्वीचा सराव असल्याखेरीज तिच्या वाटेस जाऊ नये.

चढणीचे गणित : शेकडा ६ चढ म्हणजे १०० मी. अंतर कापताना ६ मी. उंची गाठणे. स्वार ६५ किग्रॅ. व सायकल १५ किग्रॅ., असे एकूण ८० किग्रॅ. वजन अशा चढावर ताशी १० कि.मी. वेगाने नेण्यास सु. १५० वॉट शक्ती लागते. तिच्यापैकी सु. १३० वॉट निव्वळ वजन उचलण्यातच खर्ची पडतात. टायरचे घर्षण व हवेचा विरोध यांचा वाटा अल्प असतो. याच स्वारास सपाटीवर ताशी १५ कि.मी. वेगासाठी जेमतेम ४० ते ४५ वॉट पुरतात. ताशी ३० कि.मी. वेगास मात्र २०० वॉटच्या आसपास शक्ती लागते व तिचा मोठा भाग हवा बाजूस सारण्यात जातो. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. सपाटीवर पुढच्या स्वाराच्या आडोशाने चालल्यास सु. एकचतुर्थांश ते एकतृतीयांश श्रम वाचतात, पण घाटात हा आडोसा फारसा उपयोगी पडत नाही आणि तेथे प्रत्येकास आपल्याच बळावर चढावे लागते. दुसरे असे की, घाटात वजनास महत्त्व असले, तरी दोन किलो हलकी सायकल घेण्यासाठी हजारो रुपये वेचणे हौशी स्वारास क्वचितच परवडते. ८० किलोंत दोन किलो म्हणजे शेकडा अडीचच होत.

गिअरचे महत्त्व याहून कितीतरी अधिक आहे. गावोगावी वापरात असलेल्या साध्या सायकलीस पुढे ४८ व मागील फ्रीव्हीलला १८ दाते असल्यास पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सु. ५·९ मी. पुढे जाते. ताशी १० कि.मी. वेगाने चढताना अशा सायकलीचे पॅडल मिनिटास केवळ २८ वेळा फिरते आणि प्रत्येक फेऱ्यात पॅडलवर सरासरी ३० किलोंचा भार द्यावा लागतो. पुढे ३४ व मागे २८ दाते असतील, तर एका फेऱ्यात सु. २·५५ मी. अंतर कापले जाऊन पॅडल मिनिटास ६५ वेळा फिरते व भार सु. १३ किलोंवर येतो. काम तेवढेच; परंतु पहिल्या प्रकारात ते गुडघ्याच्या सांध्यावर व मांडीच्या स्नायूंवर पडते, तर दुसऱ्यात हृदय व फुप्फुसे ते वाटून घेतात. दुधाच्या किटल्या लटकावून बिनगिअरच्या सायकलीवर चढ काढणारे गवळी येथील रस्त्यांवर वर्षानुवर्षे दिसत आले आहेत. तीव्र चढावर ते खुशाल उतरून सायकल ढकलतात. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

प्रशिक्षण : आरंभी सीटची उंची नीट करून घ्यावी. पॅडल सर्वांत खाली असताना टाच त्यावर ठेवल्यास पाय सरळ व्हावा. म्हणजे चवड्याने पॅडल मारताना गुडघ्यात योग्य तेवढा बाक राहतो. सीट खाली ठेवून सायकल चालविण्याची आपल्याकडील सवय गुडघेदुखीचे एक प्रमुख कारण आहे. पहिले सहा ते आठ आठवडे बोलता येईल एवढ्याच वेगाने, पण नियमितपणे सायकल चालवावी व आठवड्याचे एकूण अंतर सु. एकदशांशाने वाढवीत न्यावे. त्यानंतर आठवड्यातून एक वा दोन दिवस चार ते आठ मिनिटांचे जोराचे टप्पे, त्यांमध्ये तेवढाच विसावा, अशी योजना करावी. एक दिवस लांबचा पल्ला व किमान एक दिवस पूर्ण विश्रांती हवी. स्नायू व रक्ताभिसरण यांतील सुधारणा विश्रांतीच्या काळात घडत असल्याने विश्रांती हा प्रशिक्षणाचाच भाग समजावा. ज्यांच्या गावाजवळ घाट नाही, त्यांनी समोरच्या वाऱ्यात जड गिअरवर बसून सायकल चालवावी. पावसाळ्यात खानदेशच्या मोकळ्या शिवारात पश्चिमेकडून येणारा वारा या कामी चढाची उणीव बरीचशी भरून काढतो.

प्रत्यक्ष चढताना पायथ्याचा पहिला कि.मी. मुद्दाम हळू काढावा. पायथ्यापासून जोराने सुटलेले तरुण माथ्याच्या दोन वळणे अलीकडे सायकल ढकलताना आढळतात आणि संथ गतीने निघालेला प्रौढ त्यांना मागे टाकतो, हे दृश्य कोणत्याही घाटात पाहावयास मिळते. बसून चढणे काटकसरीचे आहे. पॅडलवर उभे राहणे आखूड, तीव्र चढापुरते किंवा पाठ मोकळी करण्यापुरते ठेवावे. वळणाच्या आतील कडेस चढ अधिक तीव्र असतो. वाहने नसल्यास थोडे बाहेरून गेल्याने तो सौम्य होतो.

उष्मा, पाणी व आहार : खानदेशात घाटापेक्षाही मोठा शत्रू ऊन होय. मेमध्ये जळगावचे तापमान ४२ ते ४५ अंश सेल्सियसपर्यंत जाते. स्नायूंत खर्च होणाऱ्या ऊर्जेचा सु. चौथा हिस्साच कार्यात उतरतो व उरलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने शरीराबाहेर टाकावी लागते. चढणीवर वेग मंद असल्याने अंगास वारा लागत नाही आणि सर्व भार घामावर पडतो. अशा वेळी तासाला पाऊण ते एक लिटर पाणी सहज खर्च होते. त्यासोबत मीठही जाते, म्हणून नुसत्या पाण्याऐवजी मीठ-साखरेचे पाणी किंवा ताक घ्यावे. घाम थांबणे, थंडी वाजणे, बोलणे असंबद्ध होणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. ती दिसताच चढणे थांबवून सावली गाठावी, अंगावर पाणी ओतावे व वैद्यकीय मदत मिळवावी. जिद्दीची भाषा या वेळी जिवावर बेतते. मार्च ते मध्य-जून या काळात सूर्योदयापूर्वी निघून दहाच्या आत फेरी आटोपणे इष्ट. आहाराची सोय मात्र निसर्गाने येथे करून ठेवली आहे. ३०० मी. चढण्यास लागणारी शारीरिक ऊर्जा दोन ते तीन केळ्यांतून मिळते, आणि जळगाव हा केळीचाच जिल्हा आहे.

दीर्घ पल्ल्याचे उपक्रम : ज्यांना शर्यत नको, परंतु कसोटी हवी, त्यांच्यासाठी ‘ब्रेव्हे’ हा प्रकार सोयीचा आहे. पॅरिसच्या ओदाक्स क्लबच्या नियमांनुसार २०० कि.मी. अंतर साडेतेरा तासांत, ३०० कि.मी. २० तासांत, ४०० कि.मी. २७ तासांत व ६०० कि.मी. ४० तासांत पूर्ण करावयाचे असते. यात क्रमांक नसतात. महाराष्ट्रातील अनेक शहरांतून अशा फेऱ्या निघतात. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी सु. ४,८०० कि.मी.ची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या गटात पूर्ण केली. २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुळनाथ व नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पुरी केली. व्यवसाय सांभाळून केलेल्या सरावाचे फळ म्हणून ही उदाहरणे बोलकी आहेत.

उतार व सायकलीवरील ताबा : हौशी स्वार चढण्याची तयारी महिनोन्‌महिने करतो व उतरण्याची मुळीच करीत नाही. गंभीर अपघात मात्र उतारावरच होतात. ताशी २० कि.मी. वेगात सायकल थांबविण्यास सु. ४ मी. अंतर लागत असेल, तर ताशी ४० कि.मी. वेगात सु. १५ मी. लागते, शिवाय ब्रेक दाबण्याचे सुचेपर्यंतच्या एका सेकंदात ११ मी. अंतर निघून जाते ते वेगळेच. ब्रेक लावताच भार पुढच्या चाकावर येत असल्याने थांबविण्याचे खरे काम पुढचा ब्रेक करतो. त्याला भिऊन केवळ मागचा ब्रेक दाबल्यास चाक अडकून सायकल घसरते. दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा क्रमाक्रमाने वाढवीत, शरीर मागे सरकवून दाबावेत. वेग वळणापूर्वी कमी करावा, वळणात नव्हे. वळताना बाहेरील पॅडल खाली ठेवून त्यावर भार द्यावा, आतील गुडघा मोकळा ठेवावा आणि दृष्टी खड्ड्यावर न खिळवता वळणाच्या शेवटाकडे ठेवावी. सायकल नजरेमागे जाते.

८० किग्रॅ. वजन ३०० मी. खाली आणताना जी ऊर्जा ब्रेकमध्ये जिरवावी लागते, ती पाऊण लिटर पाणी उकळीला आणण्यास पुरेशी असते. सतत दाबून धरलेल्या ब्रेकमुळे रिम तापते व क्वचित ट्यूब फुटते, म्हणून अधूनमधून ब्रेक सोडून रिम निवू द्यावी. जुन्या सायकलींच्या पोलादी रिमवर पावसात ब्रेकचे रबर जवळपास धरतच नाही. अशा सायकलीने ओला घाट पायी उतरावा.

स्थानिक अडचणींचाही विचार हवा. काळ्या मातीचा चिखल पावसाळ्यात मडगार्ड व चाक यांत घट्ट बसून चाक फिरेनासे होते. वेड्या बाभळीचे काटे पंक्चर करतात, त्यामुळे जादा ट्यूब व हातपंप जवळ असल्याखेरीज निघू नये. कापसाच्या हंगामात भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रुंदी रस्त्याबाहेर डोकावते व चालकास मागचे दिसत नाही. त्यांना उजवीकडून ओलांडताना समोरचा रस्ता मोकळा असल्याची खात्री करून घ्यावी. काँक्रीटच्या नव्या रस्त्यांवर दोन पट्ट्यांमधील लांब फटीत अरुंद टायर अडकतो, म्हणून ती तिरप्या कोनात ओलांडावी. पावसाळ्यात घाटात दरड कोसळण्याचा धोका असतो. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस अतिवृष्टीमुळे कन्नड घाटात दरडी कोसळून वाहतूक बंद पडली होती. मोठ्या पावसानंतरचे दोन-तीन दिवस घाट टाळून पहूर–जामनेर किंवा पहूर–पाचोरा या सपाट रस्त्यांवर सराव करावा. पहाटे निघताना पुढे पांढरा व मागे लाल दिवा आणि डोक्यास शिरस्त्राण असावे. गटाने जाताना रहदारीच्या रस्त्यावर एकामागे एक चालावे.