खोट्या क्षितिजाचा मागोवा

१ जानेवारी १९७८ च्या संध्याकाळी एअर इंडियाचं ‘एम्परर अशोका’ हे बोइंग ७४७ सांताक्रूझहून दुबईला निघालं आणि उड्डाणानंतर १०१ सेकंदांत वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळलं. आतले २१३ च्या २१३ जण गेले. स्फोट झाला नव्हता, इंजिनं बंद पडली नव्हती. कॅप्टनच्या समोरच्या एका यंत्रानं खोटी माहिती दिली होती.

त्या यंत्राला वैमानिक एडीआय म्हणतात. जुनं नाव कृत्रिम क्षितिज. वर निळं आकाश, खाली तपकिरी जमीन, मध्ये विमानाची छोटी आकृती. नाक किती वर आहे आणि पंख कुठल्या बाजूला कलले आहेत, हे त्यावर एका नजरेत कळतं. किनारा ओलांडताना विमानानं उजवीकडे वळण घेतलं आणि मग ते सरळ झालं, पण कॅप्टनचा एडीआय मात्र उजवा कल दाखवत राहिला. तो सावरायला कॅप्टन डावीकडे कलत गेले. खाली काळा समुद्र, वर काळं आकाश. खिडकीबाहेर पडताळून पाहायला काहीच नव्हतं. यंत्रात काहीतरी बिघडल्याचं कॅप्टननी बोलूनही दाखवलं. त्या यंत्रावर जाऊ नका, असं फ्लाइट इंजिनिअर सांगत होते, तोवर विमान डावीकडे ९० अंशांच्याही पलीकडे कललं होतं.

चौकशीचा निष्कर्ष असा की एडीआय बिघडल्यावर कॅप्टनना विमानाच्या स्थितीचं भान राहिलं नाही आणि इतर यंत्रांच्या आधारानं विमान सावरता आलं नाही. बोइंग आणि यंत्र बनवणाऱ्यांवर अमेरिकेत भरलेला खटलाही १९८५ मध्ये फेटाळला गेला. निष्कर्षाशी माझा वाद नाही. पण ‘वैमानिक चुकला’ म्हटलं की फाइल मिटते, आणि खरा प्रश्न तसाच राहतो: दोन यंत्रं दोन गोष्टी सांगत असताना, हातात काही सेकंद असताना, खोटं कोण हे ओळखायचं कसं? पुढची अडतीस वर्षं हाच प्रश्न पुन्हापुन्हा माणसं मारत राहिला.

अशा वेळी शरीर मदतीला येत नाही. सावकाश, एकसारखं वळण चालू राहिलं की काही सेकंदांत कानातला तोल सांभाळणारा द्रव स्थिरावतो आणि आपण सरळच आहोत असं वाटू लागतं. म्हणून तर १९२९ मध्ये जिमी डूलिटल यांनी न्यूयॉर्कजवळ झाकलेल्या कॉकपिटमधून, बाहेर अजिबात न बघता, उड्डाण करून विमान उतरवलं, तेव्हा स्पेरी कंपनीचं कृत्रिम क्षितिज हा त्या प्रयोगाचा कणा होता. स्वतःच्या जाणिवेपेक्षा यंत्रावर विश्वास ठेवा, हे वैमानिकाच्या अंगी तेव्हापासून बाणवलं गेलं. यंत्रच चुकलं तर नेमकी हीच शिकवण त्याच्यावर उलटते.

१९९९ च्या डिसेंबरात लंडनजवळच्या स्टॅन्स्टेडहून निघालेलं कोरियन एअरचं मालवाहू ७४७ मिनिटभरातच पडलं. चौघे गेले. दुरुस्ती करणाऱ्या प्रत्येकानं हे प्रकरण मुळातून वाचावं, असं मला वाटतं. आदल्याच फेरीत कॅप्टनचा एडीआय कल नीट दाखवत नसल्याचं लक्षात आलं होतं, आणि तशी तक्रारही पुढे दिली गेली होती. जमिनीवर एडीआयच्या मागचा जोड उघडला, तिथे एक दोष सापडला, तो दुरुस्त झाला. मग चाचणीचं बटण दाबलं. यंत्रानं बरोबर उत्तर दिलं. पण ती चाचणी फक्त दाखवणाऱ्या यंत्राची होती. कलाची माहिती पुरवणारं इनर्शियल युनिट वेगळंच होतं, आणि बिघाड तिथे होता. सापडलेला दोष खराच होता, फक्त तक्रारीचं कारण तो नव्हता. रात्रीच्या उड्डाणात विमान डावीकडे कलत गेलं, एडीआय पंख सरळच दाखवत राहिला. दोन बाजूंची यंत्रं जुळत नसल्याची घंटा वाजत होती, फ्लाइट इंजिनिअर कल वाढल्याचं सांगत होते, सहवैमानिकाचं यंत्र बरोबर होतं. माहितीचा स्रोत बदलणारा स्विच हाताशी असून कुणी फिरवला नाही.

ॲडम एअरच्या ७३७ चं उलट झालं. तारीख पुन्हा १ जानेवारी, वर्ष २००७. इंडोनेशियात सुराबायाहून मानाडोला जाताना दोघेही वैमानिक दिशादर्शनाच्या इनर्शियल यंत्रणेतला बिघाड शोधण्यात बुडाले होते. त्या शोधात त्यांनी एक स्विच दुसऱ्या स्थितीत नेला आणि ऑटोपायलट सुटला. त्या स्थितीत यंत्रणेला पुन्हा जुळायला विमान तीस सेकंद सरळ आणि समतल ठेवावं लागतं. ते कुणी धरूनच ठेवलं नव्हतं. विमान हळूहळू उजवीकडे कलत गेलं, आणि १०२ माणसं गेली.

एव्हाना गोल तबकड्या जाऊन पडदे आले होते. ऐंशीच्या दशकात बोइंग ७६७, एअरबस ए३२० आली आणि पुढे छोट्या विमानांतही काचेचे पडदे बसले. तिथे क्षितिज धरून ठेवणाऱ्या फिरत्या चाकाच्या, म्हणजे जायरोच्या, जागी चिपवरचे सूक्ष्म जायरो आले. फिरतं चाक थकत आलं की तबकडी जड होते, हळूच कलंडते. जाणत्या डोळ्याला ते दिसायचं. पडदा मात्र खोटं क्षितिजही तितक्याच ठसठशीत रंगांत रंगवतो. छोट्या विमानांच्या पडद्यांबद्दल अमेरिकेच्या एनटीएसबी या अपघात तपास मंडळानं २०१० मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. पडदेवाल्या विमानांचे एकूण अपघात कमी होते, पण त्यांत जीवघेण्या अपघातांचं प्रमाण मात्र अधिक होतं.

छोट्या विमानाचा पडदा चुकीचा कल दाखवू लागला की पहिला संशय पडद्यावर जातो, आणि बहुतेकदा तो अन्यायच असतो. आतली यंत्रणा जायरोची माहिती गुरुत्वाकर्षणाच्या दिशेशी सतत ताडून पाहते. पण गवंड्याचा ओळंबा वळत्या विमानात टांगला तर तो जमिनीकडे न लोंबता विमानाच्या तळाकडे लोंबतो. नीट घेतलेल्या वळणात तो पंख सरळ असल्याचंच सांगणार. ही फसगत टाळायला अनेक यंत्रणा हवेतला वेग विचारात घेतात. म्हणजे हा वेग मोजणाऱ्या पिटो नळीत पाणी, बर्फ किंवा कीटकाचं घर असलं तर वेगाबरोबर क्षितिजही बिघडू शकतं. सेन्सर बसवताना जरा तिरका बसला, त्याचा स्क्रू सैल राहिला, इंजिनाची थरथर त्याच्यापर्यंत पोचली, अर्थिंग कच्चं असलं, चुंबकीय सेन्सरजवळ लोखंडी स्क्रू किंवा दिव्याची तार आली, तरी चूक दिसते ती पडद्यावर. कायम तेवढाच फरक पडत असेल तर बसवणी तपासावी. वळणानंतरच बिघडत असेल तर वेगाची नळी पाहावी. दिवा लावल्यावर बिघडत असेल तर तारा. हा क्रम सोडून पडदाच बदलला की बिल मोठं येतं आणि दोष जागेवरच राहतो.

८ जानेवारी २०१६ ला ऑस्लोहून ट्रॉम्सोला टपाल घेऊन निघालेल्या वेस्ट एअर स्वीडनच्या सीआरजे-२०० मध्ये सगळे जुने प्रश्न एकत्र आले. रात्रीच्या काळोखात ३३,००० फुटांवर कॅप्टनच्या पडद्यानं नाक झपाट्यानं वर चढतंय असं दाखवायला सुरुवात केली. विमान समतल होतं, सहवैमानिकाचा पडदा आणि तिसरं राखीव क्षितिज बरोबर होतं. चूक कॅप्टनच्या बाजूच्या इनर्शियल युनिटची होती. कॅप्टननी नाक खाली दाबलं. ऐंशी सेकंदांत विमान लॅपलँडच्या बर्फात आदळलं, दोघेही गेले. या प्रकरणातली सर्वांत अस्वस्थ करणारी बाब पडद्याच्या रचनेतच होती. विमान विचित्र स्थितीत गेलं की वैमानिकाला गोंधळ नको म्हणून पडदा इतर चिन्हं पुसून टाकतो आणि फक्त आवश्यक तेवढं ठेवतो. दोन बाजूंचे आकडे जुळत नाहीत, हे सांगणारा इशाराही त्या पुसण्यात गेला. उरले खोटं क्षितिज आणि नाक खाली घ्या म्हणणारे लाल बाण.

स्वीडनच्या तपास मंडळानं त्याच वर्षी दोन सूचना केल्या. विमान कितीही विचित्र स्थितीत गेलं तरी महत्त्वाचे इशारे पडद्यावर राहिलेच पाहिजेत. आणि अनपेक्षित काही घडलं की दोन्ही वैमानिकांनी पहिल्या क्षणी काय बोलायचं, त्याचे ठरावीक शब्द जगभरच्या विमान कंपन्यांत एकसारखे असावेत, म्हणजे शेजारचा आपल्याकडचं यंत्र काय दाखवतंय ते लगेच सांगू शकेल.