पोटात अंडी राहिलेल्या माद्यांची निगा

पावसाळ्याच्या तोंडाशी गावतळ्यात जाळे ओढले, म्हणजे रोहू, कटला किंवा मृगळ जातीची एखादी चांगली पोसलेली मादी हाती लागते. तिचे पोट मऊ व फुगीर असते, जननद्वार किंचित सुजलेले व लालसर दिसते. यंदा तळ्यातच बीज मिळणार, अशी आशा मालकाच्या मनात उत्पन्न होते. परंतु श्रावण सरतो, भाद्रपदही सरत येतो, तरी पाण्यात एक पिलू दिसत नाही. मग मादी वांझ ठरते आणि बाजाराची वाट धरते. ही चूक महागात पडते. कारण अशी मादी अंड्यावर येण्यास दोन ते तीन वर्षांचे खाद्य व श्रम खर्ची पडलेले असतात.

वस्तुतः मादीत कोणताही दोष नसतो. या तिन्ही जाती मूळच्या नदीतील. पुराचे नवे पाणी, प्रवाह आणि काठचा उथळ बुडीत भाग लाभल्याखेरीज त्या अंडी सोडीत नाहीत. साचलेल्या पाण्यात अंडी वाढतात खरी, परंतु मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून अखेरची चेतना मिळत नाही. (सायप्रिनस मासा तळ्यातील पाणवनस्पतींवरही अंडी चिकटवितो, त्यावरून रोहूची परीक्षा करू नये.) नेमकी हीच अडचण डॉ. हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात दूर केली. माशाच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून त्यांनी या जातींच्या माशांना बंदिस्त पाण्यात अंडी सोडावयास लावले. तो दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

टोचणी न झालेल्या मादीच्या पोटातील अंडी पावसाळा ओसरू लागला की शरीरातच हळूहळू जिरून जातात व पोट पूर्ववत होते. हा निसर्गक्रम होय. तेव्हा मादीचे पोट दाबून अंडी काढण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. न पिकलेली अंडी दाबाने सुटत नाहीत. आतील अवयवांस मात्र इजा होते, खवले निघतात आणि त्या जागी बुरशी धरते. तथापि, फुगलेले प्रत्येक पोट अंड्यांचेच असते असे नाही. खवले उभे राहिले असतील, डोळे बाहेर आले असतील व मासा सुस्त असेल, तर तो जलोदर समजावा आणि असा मासा तत्काळ वेगळा करावा.

निगेचे खरे काम पावसाळ्यानंतर सुरू होते. माद्यांना दीड ते दोन मीटर खोलीच्या तळ्यात ठेवावे. एकरी सहाशे ते आठशे किलोंहून अधिक भार नसावा. भुईमुगाची पेंड व भाताचा कोंडा समभाग मिसळून द्यावा. पेंड स्वस्त मिळाली म्हणून भरमसाट घालणारे शेतकरी आम्ही पाहिले आहेत. अशा माद्यांच्या पोटात चरबी साठते व पुढील हंगामात त्या टोचणीस नीट दाद देत नाहीत. थंडीत मासा कमी खातो, म्हणून खाद्य कमी करावे. उन्हाळ्याच्या आरंभापासून ते वजनाच्या सुमारे तीन टक्क्यांपर्यंत वाढवावे. याच सुमारास नर व माद्या निराळ्या तळ्यांत ठेवाव्यात. नराचा बाजूचा पर हाताला खरखरीत लागतो, मादीचा गुळगुळीत. ही खूण एकदा बोटांना कळली की चूक होत नाही. शक्य असल्यास अधूनमधून ताजे पाणी सोडावे. त्याने अंडी चांगली भरतात.

बीजकेंद्रात टोचणी केलेल्या मादीची गोष्ट निराळी. टोचूनही तिने अंडी अर्धवटच सोडली, तर उरलेली अंडी पोटात तुंबतात आणि पुष्कळदा ती दगावते. म्हणून पोट पुरते मऊ झाल्याखेरीज मादी टोचणीस निवडू नये. निवडीच्या आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवावे, कारण भरलेले आतडेही पोट फुगवून फसविते. जाळे पहाटेच्या गारव्यात ओढावे आणि मादी ओल्या कापडाच्या झोळीतूनच हलवावी.