चार व्यंजनं, शंभर वर्षं

2024च्या डिसेंबरात ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने इंग्लंड आणि वेल्समध्ये आदल्या वर्षी जन्मलेल्या बाळांच्या नावांची यादी जाहीर केली आणि मुलग्यांच्या यादीत पहिल्या जागी ‘मुहम्मद’ आलं. 4,661 मुलगे. दुसऱ्या जागी ‘नोआ’, 4,382. पुढच्या वर्षीच्या यादीत हे अंतर आणखी वाढलं: मुहम्मद 5,721, नोआ 4,139. बातमी दोन तऱ्हांनी वाचली गेली. कुणाला त्यात देश बदलल्याची चाहूल लागली, तर कुणाला बहुसांस्कृतिकतेचं यश दिसलं. (नोआ म्हणजे कुराणातला नूह, त्यामुळे पहिली दोन्ही नावं मुस्लीम घरांत चालणारी आहेत, याकडे दोघांचंही फारसं लक्ष गेलं नाही.) दोन्ही वाचनांनी एक गोष्ट गृहीत धरली होती, की पहिला नंबर म्हणजे डोकी मोजण्याची पट्टी. या नावाचा ब्रिटनमधला शंभर वर्षांचा प्रवास पाहिला तर ते गृहीतक डळमळतं. मुहम्मद हे नाव वर चढलं हे खरंच, पण त्याहून अधिक झालं ते हे, की बाकीची नावं पांगली.

आधी नावाकडेच पाहू. अरबीत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूवर उभे राहतात. इथला धातू ह-म-द, म्हणजे स्तुती. ‘अल्हम्दुलिल्लाह’मधला हम्द तोच, हमीद, महमूद, अहमद, हामिद ही नावंही त्याच मुळाची. मुहम्मदमध्ये मधला ‘म’ दुहेरी होतो आणि त्याने क्रियेला जोर येतो, म्हणून अर्थ नुसता ‘स्तुत्य’ असा न राहता ‘ज्याची पुन्हा पुन्हा स्तुती झाली तो’ असा होतो. कुराणात हे नाव चार ठिकाणी येतं. पैगंबरांच्या आधीही ते अगदीच अनोळखी नव्हतं. अरबी इतिहासकारांनी इस्लामपूर्व काळातले मोजके मुहम्मद नोंदवले आहेत. पण सातव्या शतकानंतर अरबस्तानापासून माळवा-दख्खनपर्यंत जे पसरलं, ते अर्थासाठी नव्हे, तर एका व्यक्तीच्या आठवणीसाठी. अरबी लिपीत ते म-ह-म-द अशा चार व्यंजनांत लिहितात, ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. ते ज्या त्या भाषेने आपल्या जिभेप्रमाणे भरले. तुर्कीत मेहमेत झालं, पश्चिम आफ्रिकेत ममादू, आणि मराठीत महंमद. ‘योगसंग्राम’ लिहिणारे श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद आपल्या ओळखीचे आहेतच. स्वरांची ही मोकळीक पुढे ब्रिटिश आकडेवारीला चांगलीच नडणार होती.

ब्रिटनच्या जुन्या याद्या दर दहा वर्षांनी एक, अशा तयार केलेल्या आहेत. त्यांत हे नाव ‘मोहम्मेद’ या लेखनाने पहिल्या शंभरात पहिल्यांदा दिसतं 1924 साली, 91व्या जागी. तेव्हा ब्रिटनमधली मुस्लीम वस्ती मूठभर होती. कार्डिफ आणि साउथ शील्ड्स या बंदरांत येमेनी आणि सोमाली खलाशी राहत होते. आगबोटींवर सिल्हेटचे, पंजाबचे आणि आपल्या कोकणातलेही लस्कर राबत. मग एवढ्याशा वस्तीचं नाव पहिल्या शंभरात गेलं कसं? उत्तर बाकीच्यांच्या सवयीत आहे. त्या काळच्या इंग्रज घरांत जॉन, विल्यम, जॉर्ज अशी ठरावीक नावंच पिढ्यान्‌पिढ्या फिरत. वरची काही नावं प्रचंड गर्दीची, आणि खाली उतरत गेलं की यादी झपाट्याने विरळ होत जाणारी. नव्वदीच्या आसपास पोचायला फार मुलगे लागत नव्हते. पुढे दुसऱ्या महायुद्धापर्यंत हे नाव पुष्कळ खाली घसरलं. 1925च्या आदेशाने गौरेतर परदेशी खलाशांवर नोंदणीचा जाच आला, पाठोपाठ मंदी आली. घसरणीमागे हीच कारणं असावीत, असा तर्क करता येतो.

साठच्या दशकात चित्र पालटलं. ब्रॅडफर्ड, ओल्डहॅमच्या कापडगिरण्यांना रात्रपाळीचे हात हवे होते. तिकडे पाकव्याप्त काश्मिरात मंगला धरणाने मीरपूर भागातल्या लाखाहून अधिक लोकांना उठवलं. 1962च्या ब्रिटिश स्थलांतर कायद्याने दारं आवळायला सुरुवात केली, तेव्हा एकटे आलेले पुरुष परत जाण्याऐवजी बायकामुलांना बोलावू लागले. संसार उभे राहिले, बारशी झाली, यादीत नाव पुन्हा वर सरकू लागलं. ऐंशीच्या दशकापर्यंत ‘मोहम्मेद’ हे एकच रूप पहिल्या शंभरात होतं. मग ‘मोहम्मद’ आलं आणि त्यामागून ‘मुहम्मद’.

पण खरी उलथापालथ दुसऱ्या बाजूला चालू होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये पाच मुलग्यांत साधारण एकाचं नाव जॉन असे. 1996 साली अव्वल असलेल्या ‘जॅक’ला दहा हजारांहून अधिक मुलगे मिळाले होते. 2023च्या मुहम्मदांची संख्या घेऊन त्या यादीत उभं राहिलं असतं, तर पहिल्या दहात शिरणंही कठीण गेलं असतं. आज मुहम्मद पहिला आहे तो शंभरात जेमतेम दोन मुलग्यांच्या बळावर. इंग्रज आईबाप आता वर्गात दुसऱ्या कुणाचं नसेल असं नाव शोधतात. हे आपल्याला नवं नाही. दत्तात्रय, पांडुरंग, विठ्ठल यांनी भरलेली शाळेची हजेरी दोन पिढ्यांत कशी आरव-अद्वैत-रेयांशमय झाली ते मराठी घरांनी पाहिलंच आहे. मुस्लीम घरांनी मात्र पहिल्या मुलाला पैगंबरांचं नाव देण्याची रीत सोडली नाही. देवाचं नाव मुलाला ठेवावं, म्हणजे हाक मारताना आपसूक नामस्मरण घडतं, ही अजामिळाच्या कथेतली समजूत आपल्याला ठाऊक आहे; इथली भावना तिच्या जवळची असली तरी वागणूक थोडी निराळी. दक्षिण आशियाई घरांत मुहम्मद हे बहुधा आशीर्वादासारखं पुढे लावलेलं नाव, आणि हाकेचं नाव त्याच्या मागचं. मोहम्मद रफींना आपण रफी म्हणतो, मोहम्मद अझरुद्दीन अझर झाला, गोलंदाज शमी आणि सिराज. ब्रिटिश जन्मनोंदणीत मात्र पहिलं नाव तेवढं मोजतात, म्हणजे तिथे हे चौघेही एकाच रकान्यात पडले असते. ज्यांच्या घरात वेगळेपण दुसऱ्या नावात आहे त्यांचं पहिलं नाव एकवटलेलं दिसणारच.

यावर आक्षेप येईल, की शेवटी हे लोकसंख्येचंच गणित आहे, ते शब्दांत का लपवायचं? लपवायचं काही कारण नाही. 2001च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये मुस्लीम 3 टक्के होते, 2021मध्ये 6.5 टक्के, शिवाय ही वस्ती वयाने तरुण, त्यामुळे जन्मांत तिचा वाटा त्याहून मोठा. वाढ झाली नसती तर पहिला नंबर आला नसता, हे मान्य. पण नुसत्या वाढीने तो आला नसता. त्याच देशात दहा लाख हिंदू आहेत, तरी शिखराच्या जवळपास फिरकणारं एकही हिंदू नाव नाही, कारण तिथे प्रत्येक घर नवं नाव धुंडाळतं. माणसं किती हे जनगणना सांगते. नावांची यादी सांगते ती माणसं किती एकमताने नाव ठेवतात.

दुसरा आक्षेप उलट दिशेचा. कार्यालय प्रत्येक लेखन वेगळं मोजतं, म्हणजे खरा आकडा दडवला जातो, अशी तक्रार वृत्तपत्रं 2007पासून करत आली. 2024ची तीन मुख्य रूपं एकत्र केली (5,721, 1,760 आणि 986) तर बेरीज 8,467 होते. बेरीज बिनचूक आहे, पण मग हाच नियम सगळ्यांना लावा: थिओ आणि थिओडोरही एक धरा, आणखी कितीतरी जोड्या जुळवा. एकाच नावासाठी गोळाबेरीज करायची आणि बाकीची सुटी ठेवायची, हे मोजमाप नव्हे, हट्ट झाला. मला त्या तीन आकड्यांत वेगळंच काही दिसतं. गेल्या दशकात ‘मोहम्मेद’ मागे पडलं आणि ‘मुहम्मद’ पुढे गेलं, म्हणजे पहिल्या नंबराचा काही भाग हा चक्क लेखनबदलाचा परिणाम आहे. आजोबांच्या पासपोर्टावर कारकुनाने जे लिहिलं ते कुटुंबाला चिकटलं होतं. नातवंडांचे आईबाप, ज्यांनी ब्रिटनमध्येच शाळा आणि मदरसा दोन्ही केलं, ते अरबी उच्चाराच्या जवळचं लेखन निवडताहेत, असा माझा तर्क आहे. गावाकडून आलेल्या सवयीपेक्षा ही जाणीवपूर्वक केलेली निवड वाटते.

ही निवड कायमची असते असंही नाही. मुस्लीमबहुल तुर्कस्तानात इतिहासकार रिचर्ड बुलियट यांनी संसदसदस्यांची नावं तपासली होती. मेहमेत, अहमेत, अली यांचं प्रमाण पिढीगणिक ओसरत गेलं आणि त्यांच्या जागी शुद्ध तुर्की नावं आली, असं त्यांना आढळलं. तिथे मशिदी रिकाम्या झाल्या नव्हत्या. फक्त बापांना मुलाचं नाव ठेवताना राष्ट्र आठवू लागलं होतं. ब्रिटनमधल्या चौथ्या-पाचव्या पिढीला काय आठवेल, ते 2034च्या यादीत दिसेल. तोवर कदाचित नोआच पुन्हा पुढे गेलेला असेल, आणि त्यातले काही घरी नूह असतील.