बोलत नाही म्हणून मंद?

मुधोळ म्हटले की आपल्या वाचकांना बागलकोटकडचे मुधोळ आठवते. तिथली शिकारी कुत्री प्रसिद्ध आणि कवी रन्नाचे नावही त्या गावाशी जोडलेले. मी सांगते आहे ते मुधोळ दुसरे. ते तेलंगणात, गोदावरीकाठच्या बासरजवळ आहे. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा मुधोळ, भैंसा आणि कुबेर हे भाग नांदेड जिल्ह्यातून काढून आंध्र प्रदेशात घातले गेले आणि आदिलाबाद जिल्ह्याला जोडले गेले. २०१६ पासून मुधोळ निर्मल जिल्ह्यात आहे. त्याच १९५६ साली आमचे भालकी म्हैसूर राज्यात गेले. म्हणजे तिकडे घरात मराठी आणि कचेरीत तेलुगू, तर आमच्याकडे घरात मराठी आणि कचेरीत कन्नड. दुखणे एकच!

माझी लेक मुधोळला दिली आहे. नातवाचा अक्षराभ्यास वसंत पंचमीला बासरच्या सरस्वतीपुढे करायचा ठरला, म्हणून मी गेले आणि महिनाभर राहिले. नातू साडेतीन वर्षांचा. घरात त्याच्या तोंडाला क्षणभर विसावा नाही. “आज्जी, हे काय? आज्जी, असं का?” ऐकून कान किटतात. एके दिवशी त्याला अंगणवाडीतून आणायला गेले तर तिथल्या टीचर म्हणाल्या, “अम्मा, मी वाडु माट्लाडडु.” म्हणजे तुमचा मुलगा बोलत नाही. पाहते तर तो भिंतीला पाठ लावून बसलेला, समोरच्या ताटलीतले अंडे तसेच.

माझ्या पोटात खड्डा पडला. त्याला कारण आहे.

माझी चूक

तीस वर्षांपूर्वी मी स्वतः अंगणवाडी सेविका होते. वजनकाटा, वाढीचा तक्ता, आहाराची नोंद यांत माझा हात कोणी धरत नसे. आमच्या केंद्रात मराठी घरातली एक मुलगी यायची. केंद्राचे सगळे कन्नडमधून चाले. मुलगी गप्प बसायची, हाक मारली तरी उठायची नाही. मी वहीत तिच्या नावापुढे लिहिले, ‘मंद’. आईलाही तेच सांगितले. आईने तिला घरी ठेवले ते कायमचे. पुढे शाळेचेही नाव काढले नाही. बऱ्याच वर्षांनी ती मला बाजारात भेटली. भाजी विकत होती, गिऱ्हाईक पाहून मराठी, कन्नड, हिंदी बोलत होती आणि हिशेब तोंडी करत होती. मला ओळखून तिने दोन लिंबे जास्त घातली. त्या दिवशी घरी येऊन मी जेवले नाही.

मुलीचे वजन बरोबर होते हो! मी तेवढेच पाहिले होते.

पोट आणि मन

आपल्या देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झाली. पण ‘अंगणवाडी’ हा शब्द त्याआधीचा, आपल्या मराठी मुलखातला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्या शाळाच पाड्यावरच्या अंगणात घेऊन गेल्या. मुलांच्या ओळखीच्या वस्तू, त्यांची गाणी, त्यांची बोली यांपासून शिकवणे सुरू केले. मूल बदलायच्या आधी त्यांनी जागा बदलली. आम्ही सेविकांनी अंगणवाडी हा शब्द घेतला, पण खिचडीच्या पातेल्यात अंगण हरवले.

पोट भरणे महत्त्वाचे, पण तेवढे पुरत नाही. जमैकातल्या किंग्स्टन शहरात १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात वाढ खुंटलेल्या १२९ बाळांवर एक अभ्यास झाला. काहींना दोन वर्षे जादा दुधाचा आहार दिला. काहींच्या घरी आरोग्यसेविका दर आठवड्याला तासभर जाई, घरीच बनवलेल्या खेळण्यांनी आईला बाळाशी खेळायला, बोलायला शिकवी. काहींना दोन्ही मिळाले, काहींना काहीच नाही. सुमारे वीस वर्षांनी पाहिले तर खेळ आणि बोलणे मिळालेल्या मुलांची कमाई बाकीच्यांपेक्षा २५ टक्के जास्त होती. नुसत्या आहाराचा तसा परिणाम टिकलेला दिसला नाही. भारत सरकारनेही २०२४ मध्ये तीन वर्षांखालील मुलांसाठी ‘नवचेतना’ हा आराखडा आणला, त्याचा गाभा हाच.

एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने १९५० साली मांडले की बाळ पहिल्या वर्षी जगावर विश्वास ठेवायला शिकते, मग स्वतःचे स्वतः करू पाहते आणि तीन वर्षांनंतर पुढाकार घेऊ लागते. आता विचार करा, पुढाकार घ्यायच्या वयात मुलाला अशा खोलीत बसवले की जिथे ‘पाणी’ मागितले तर कोणाला कळत नाही! ते गप्प बसणार नाही तर काय करणार?

पाच शब्द

मुधोळच्या त्या टीचर मनाने चांगल्या. वीस-पंचवीस मुले, एक आया आणि ढीगभर नोंदी. मी त्यांना दोष दिला नाही. माझी गोष्ट सांगितली आणि पाच मराठी शब्दप्रयोग लिहून दिले: ये बाळा, भूक लागली का, पाणी हवे का, शी-शू, छान. घरी मी नातवाशी खेळ मांडला. आपण दूध म्हणतो, कन्नडमध्ये हालु, इथे पालु. आपले अंडे, कन्नडचे मोट्टे, इथले गुड्डु. तो खिदळायचा. जाताना त्याच्या हातात चिंध्यांचा चेंडू दिला.

पंधराव्या दिवशी टीचर दारातूनच हसत म्हणाल्या, “आज त्याने दुसरे गुड्डु मागितले.”

आपल्या दुभाषी घरांना एवढेच सांगेन. दोन भाषांनी मूल मागे पडत नाही, घरची भाषा बंद करू नका. नव्या ठिकाणी काही आठवडे मूल गप्प राहिले तर घाबरू नका, ते ऐकत असते. पण घरीही बोलत नसेल, हाकेला वळत नसेल, तर थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येते, त्यांना दाखवा, कान तपासून घ्या. आणि सेविकाताईंनो, वहीत शेरा लिहिण्याआधी आईला एक प्रश्न जरूर विचारा: “घरी बोलतो का?”

मी तो विचारला नव्हता.