प्रमाणपत्र आणि लहान कॉफी-उत्पादक

'प्रमाण' या शब्दाचे मराठीत दोन अर्थ रूढ आहेत : पुरावा आणि माप. शाश्वत शेतीच्या प्रमाणपत्राने लहान शेतकऱ्याचे उत्पन्न कितपत वाढते, हे पाहताना या दोन्ही अर्थांचे भान ठेवणे इष्ट होय. याचे सर्वांत बोलके उदाहरण कॉफीच्या व्यापारात आढळते.

मेक्सिकोतील वाहाका राज्याच्या डोंगराळ भागात राहणाऱ्या कॉफी-उत्पादकांच्या सहकारी संस्थेत डच धर्मोपदेशक फ्रान्स फान डेर हॉफ काम करीत असत. त्यांनी निको रोझेन यांच्या साहाय्याने १९८८ साली नेदरलँड्समध्ये 'मॅक्स हावेलार' हे चिन्ह सुरू केले. जावा बेटातील शेतकऱ्यांच्या पिळवणुकीचे चित्रण करणाऱ्या, मुल्तातुली यांच्या १८६० मधील कादंबरीवरून हे नाव घेतलेले आहे. पुढे याच चळवळीतून 'फेअरट्रेड' ही आंतरराष्ट्रीय व्यवस्था उभी राहिली. श्रमाच्या व पर्यावरणाच्या ठराविक अटी पाळणाऱ्या संस्थेला तीत किमान भावाची हमी मिळते. शिवाय सामूहिक कामांसाठी अधिमूल्यही मिळते.

या हमीचे महत्त्व मंदीच्या काळात स्पष्ट होते. २००१ साली अरेबिका कॉफीचा बाजारभाव पौंडास ५० सेंटच्याही खाली घसरला. त्या वेळी प्रमाणित कॉफीस अधिमूल्यासह १.२६ डॉलर मिळत होते. उलट, २०२५ च्या आरंभी बाजारभाव ४ डॉलरच्या वर गेला, तेव्हा किमान भावाला अर्थच उरला नाही. तात्पर्य, किमान भाव ही उत्पन्नात दरवर्षी पडणारी भर नसून वाईट वर्षांसाठी उतरविलेला विमा आहे.

विम्याला हप्ता असतो, तसा प्रमाणपत्रालाही खर्च असतो. तपासणीचे शुल्क, नोंदवह्या, अटींच्या पूर्ततेसाठी लागणारे श्रम हा सर्व भार संपूर्ण पिकावर पडतो. लाभ मात्र प्रमाणित म्हणून जेवढा माल विकला जाईल तेवढ्यावरच मिळतो. समजा, एका संस्थेची १०० पोती प्रमाणित आहेत आणि खर्च पोत्यामागे ५ डॉलर, म्हणजे एकूण ५०० डॉलर आहे. प्रमाणित मालाचे ग्राहक केवळ २५ पोत्यांना मिळाले आणि पोत्यामागे २० डॉलर अधिक आले, तर लाभही ५०० डॉलरच होतो. हाती काहीच उरत नाही. उरलेली ७५ पोती पुरावा जवळ असूनही सामान्य भावानेच जातात.

हा हिशेब केवळ काल्पनिक नव्हे. द झानव्री, मॅकिंटॉश आणि सादुले या अर्थशास्त्रज्ञांनी ग्वाटेमालातील कॉफी सहकारी संस्थांच्या व्यवहारांचा अभ्यास करून २०१५ साली असाच निष्कर्ष मांडला. प्रमाणित भाव आकर्षक दिसू लागताच अधिकाधिक उत्पादक प्रमाणपत्र घेतात. मागणी त्या वेगाने वाढत नाही. परिणामी प्रत्येकाच्या वाट्याला येणारी प्रमाणित विक्री घटते. दीर्घकाळाच्या सरासरीने पाहता निव्वळ लाभ जवळजवळ शून्यावर येतो.

यावरून प्रमाणपत्र निरुपयोगी ठरते असे नव्हे. भाव कोसळलेल्या वर्षी ज्या कुटुंबाचा माल हमीच्या भावाने गेला, त्याच्यावर बाग मोडण्याची वेळ कदाचित टळली असेल. परंतु किती शेतकरी प्रमाणित झाले, एवढ्या आकड्यावरून योजनेचे यश ठरविणे चुकीचे आहे. त्यांच्या पिकापैकी किती हिस्सा त्या चिन्हाखाली विकला गेला, हा खरा प्रश्न होय. शेतकऱ्याच्या हाती पुरावा आला, तरी त्याचे उत्पन्न अखेर मापावरच ठरते.