बरगडीवरची गाठ चोळू नका, दाखवा

मागच्या वर्षी ईदच्या नमाजनंतर गळाभेट घेताना आमच्यातल्या धाकट्याच्या हाताला अब्बांच्या उजव्या बगलेखाली काहीतरी टणक लागलं. "अब्बा, हे काय आहे?" त्याने विचारलं. "काही नाही रे. मोटारसायकलवरून पडलो होतो ना, त्याचा मार आहे," अब्बा म्हणाले आणि शीरखुर्मा खायला बसले.

त्या दिवशी आम्ही तिघा भावंडांनी विषय तिथेच सोडला. पुढे चार महिने आम्ही त्या गाठीवर गरम तेल चोळलं, ओवा-मिठाची पुरचुंडी शेकली आणि एका हाडवैदाकडूनही चोळून घेतली. गाठ सुपारीएवढी होती, ती लिंबाएवढी झाली. आमची ही चूक दुसऱ्या कुठल्या घरात होऊ नये, म्हणून हे लिहितो आहोत.

शेवटी अब्बांना कुशीवर झोपता येईना, तेव्हा आम्ही एक्स-रे काढला. सातव्या बरगडीचा एक तुकडा पोखरल्यासारखा दिसत होता. सीटी स्कॅन झाला आणि डॉक्टरांनी सुईने गाठीचा तुकडा काढून तपासायला सांगितलं. घरात लगेच कुजबुज सुरू झाली, "सुई लावली की कॅन्सर पसरतो." फुफीजान तर रडायलाच लागल्या. डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून समजावलं. तपासणीशिवाय ही गाठ कशाची आहे हे कळणारच नाही. बरगडीवरची गाठ साधीही असू शकते. आपल्या देशात बरगडीचा टीबीही असतो, आणि त्याला ऑपरेशनआधी टीबीची औषधं लागतात. दुसऱ्या अवयवातला कॅन्सर बरगडीत उतरलेलाही असू शकतो. प्रत्येकाचा उपाय वेगळा. म्हणून आधी तुकडा, मग निदान, मग इलाज. सुई मात्र जिथे ऑपरेशन करायचं तिथल्याच डॉक्टरांच्या सल्ल्याने लावावी, म्हणजे सुई गेली ती वाटही ऑपरेशनमध्ये काढून टाकता येते.

रिपोर्ट आला. कॉन्ड्रोसार्कोमा, म्हणजे कूर्चेतून उठणारा कॅन्सर. छातीच्या हाडांमध्ये सुरू होणाऱ्या कॅन्सरमध्ये मोठ्या माणसांत हाच जास्त आढळतो. याच्यावर केमोथेरपी आणि रेडिएशन फारसे चालत नाहीत. खरा इलाज ऑपरेशन, आणि तेही पहिल्याच वेळी नीट झालेलं. लहान मुलांत आणि तरुणांत बरगडीवर युईंग सार्कोमा नावाचा वेगळा कॅन्सर होतो. त्यात मात्र बहुधा आधी केमोथेरपी देतात आणि मग ऑपरेशन करतात.

"फक्त गाठ काढून चालणार नाही का?" आम्ही विचारलं. डॉक्टरांनी कागदावर छातीचा पिंजरा काढला. दोन्ही बाजूंना बारा-बारा बरगड्या, पुढे मधोमध छातीचं हाड, मागे मणके. ते म्हणाले, गाठ जेवढी दिसते तेवढीच काढली तर कडेला राहिलेल्या पेशी पुन्हा वाढतात. म्हणून गाठीभोवतीचा काही सेंटीमीटर निरोगी भागही काढावा लागतो. अब्बांच्या सहाव्या, सातव्या आणि आठव्या बरगडीचा तुकडा, त्यांच्यामधले स्नायू आणि आतलं अस्तर, सगळं एकत्र निघणार होतं.

"मग तिथे भोकच राहील ना? श्वास कसा घेतील?" अम्मीने विचारलं. हाच प्रश्न आम्हा सगळ्यांच्या मनात होता.

उत्तर समजायला सोपं आहे. श्वास घेताना बरगड्या वर उचलल्या जातात, छाती फुगते आणि हवा आत खेचली जाते. बरगड्यांचा मोठा तुकडा गेला आणि ती जागा तशीच सोडली, तर श्वास घेताना तो भाग बाहेर यायच्या ऐवजी आत ओढला जातो आणि माणसाला धाप लागते. जागा छोटी असेल, साधारण ५ सेंटीमीटरच्या आत, तर बहुधा नुसते स्नायू शिवून भागतं. पाठीवर खांद्याच्या फऱ्याखाली असेल तर फराच ती झाकतो. अब्बांची जागा कुशीत होती आणि तळहाताएवढी होणार होती, म्हणून तिथे नवी भिंत उभारायची होती.

ती अशी उभारतात. प्लास्टिकच्या धाग्याच्या जाळीचे दोन थर घेतात, मधे हाडांच्या ऑपरेशनमध्ये वापरतात ते सिमेंट भरतात आणि त्याला छातीसारखा बाक देतात. घट्ट होताना ते सिमेंट तापतं, म्हणून ही ढाल बाहेर टेबलावर तयार करून मग बरगड्यांच्या कडांना शिवतात. काही ठिकाणी टायटॅनियमच्या पट्ट्या लावतात. वर जिवंत मांसाचं पांघरूण लागतं. त्यासाठी पाठीचा रुंद स्नायू त्याच्या रक्तवाहिनीसह सोडवून पुढे फिरवतात. ही युक्ती जुनी आहे. इटलीचे सर्जन इजिनिओ तान्सिनी यांनी १९०६ साली स्तनाच्या कॅन्सरनंतरची जखम झाकायला पाठीचाच हा भाग वापरला होता. आणि २०१५ साली स्पेनमधल्या सालामांका इथे एका ५४ वर्षांच्या रुग्णाला थ्रीडी प्रिंटरवर तयार केलेलं टायटॅनियमचं छातीचं हाड आणि बरगड्यांचा भाग बसवला गेला. बारा दिवसांत तो घरी गेला.

अम्मीने आणखी एक प्रश्न विचारला, जो आम्हाला सुचलाच नव्हता. "आत बसवणार ते कशाचं असतं? कुठल्या जनावराचं तर नाही?" डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी सांगितलं की काही जाळ्या गाईच्या किंवा डुकराच्या ऊतीपासून बनवतात, पण अब्बांना लावायची ती कृत्रिम धाग्याची आहे. आपल्या घरांत हा प्रश्न मनात ठेवून माणसं गप्प बसतात आणि नंतर बेचैन होतात. तो ऑपरेशनआधी मोकळेपणाने विचारावा. पर्याय काय आहे हे डॉक्टरांना विचारावं, आणि गरज वाटली तर आलिमांचा सल्लाही वेळेत घ्यावा.

अब्बा चाळीस वर्षं विडी ओढत होते. ऑपरेशन ठरलं त्या दिवशी ती बंद झाली. ऑपरेशननंतर दोन दिवस ते आयसीयूमध्ये होते. कुशीतून एक नळी बाटलीत जात होती. दुखणं थांबवायला पाठीत बारीक नळी होती. तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र हातात देऊन नर्स दर तासाला सांगायची, "चाचा, श्वास आत ओढा, गोळ्या वर गेल्या पाहिजेत." पहिल्या दिवशी एकच गोळी हलली. खोकताना उशी कुशीला दाबून धरायची होती. दुखतं म्हणून खोकायचं टाळलं तर कफ साचून न्यूमोनिया होतो, हे आम्हाला तिथेच कळलं.

नमाजची ओढ त्यांना पहिल्या दिवसापासून होती. सुरुवातीला पलंगावर इशाऱ्याने, मग खुर्चीवर. जमिनीवर सजदा त्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरू केला. उजवा हात उचलायला अजून थोडा जड जातो, पण शिलाई मशीन पुन्हा सुरू झालं आहे.

सगळ्यात लांब वाटलेले दिवस ते काढलेल्या भागाच्या रिपोर्टचे. अल्लाहच्या कृपेने कडा साफ आल्या. तरीही हा आजार वर्षांनंतर परत येऊ शकतो, म्हणून दर काही महिन्यांनी तपासणी आहे, आणि ती आम्ही चुकवत नाही.

वाचकांना आमचं सांगणं एवढंच. छातीवर, पाठीवर, बरगडीवर टणक गाठ असेल, ती वाढत असेल, तर दुखत नसली तरी दाखवा. चोळू नका, शेकू नका. घाईने छोट्या ठिकाणी नुसती गाठ काढून घेऊ नका. छातीचे सर्जन आणि प्लास्टिक सर्जन दोघे आहेत अशा ठिकाणी जा. मुंबईचं टाटा मेमोरियल १९४१ पासून कॅन्सरच्याच कामाला वाहिलेलं आहे. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, ते योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला आधीच विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

आणि आपल्या बायाबापड्यांसाठी खास. छातीची गाठ म्हटली की शरमेने महिनोन्‌महिने लपवली जाते. लेडी डॉक्टर मागा, घरातली बाई सोबत न्या, पण थांबू नका. घरातल्या पुरुषांनीही बाईने सांगायची वाट न पाहता आपुलकीने विचारावं. दुआ आम्ही रोज करत होतो, पण तेल चोळण्यात गेलेले चार महिने आमच्याच हाताने गेले. दवा आणि दुआ एकमेकींच्या आड येत नाहीत. दोन्ही वेळेवर करा.